सासूबाईंची ‘वाटतंय’ वही

सासूबाईंवर कौतुकाने लिहायला बसलेला जावई तुम्ही फारसा पाहिला नसेल. मीही पाहिला नव्हता. पण गेल्या रविवारी दिल्लीत, आमच्या द्वारकेतल्या मैदानावर संध्याकाळी जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. चार दिवस झाले, ऑफिसात फाइल उघडतो आणि पुन्हा तेच डोळ्यांपुढे उभं राहतं. शेजारच्या टेबलावरचा मित्र वैतागून म्हणाला, “यार, ये कहानी तू सातवीं बार सुना रहा है!” म्हटलं, मग आठव्यांदा लिहूनच काढतो.

तर सासूबाई. नाव विजयालक्ष्मी टेंबे, वय चौसष्ट, उंची बेताची आणि आवाज त्याहून बेताचा. त्यांनी चौतीस वर्षं दिल्लीत हवामान खात्यात नोकरी केली. टीव्हीवर नकाशापुढे उभं राहून बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. त्यांचं काम निरीक्षकाचं. दर तीन तासांनी अंगणातल्या पांढऱ्या पेटीतले तापमापक वाचायचे, वाऱ्याची दिशा टिपायची, आणि मान वर करून, आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करून त्यातले किती ढगांनी भरलेत ते लिहायचं. चार वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, पण मान काही निवृत्त झाली नाही. भाजी घेताना वर बघतात, रस्ता ओलांडताना वर बघतात. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, सगळे अक्षता टाकत होते, आणि या बाई मांडवाच्या फटीतून ढग मोजत होत्या. फोटोत आहे ते.

त्यांची एक वही आहे. एक कसली, सात वह्या आहेत. घरात त्यांना ‘वाटतंय’ वही म्हणतात. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका निरभ्र दुपारी सासूबाईंना उगाच वाटलं की आज गारा पडणार. बोलल्या नाहीत. चार वाजता गारा पडल्या, तेव्हा म्हणाल्या, “मला आधीच वाटलं होतं.” त्यांचे वरिष्ठ होते सुधन्वा पाटणकर म्हणून. ते म्हणाले, “बाई, नंतर सगळ्यांनाच आधी वाटलेलं असतं. वाटलं की लिहून ठेवा, वेळ घाला, मग बघू.” या बाईंनी ते वाक्य इतकं मनावर घेतलं की तेव्हापासून जे जे वाटलं ते ते लिहिलं. डावीकडे तारीख आणि वेळ, मधे काय वाटतंय ते, उजवीकडे निकाल. बरोबर निघालं तर बरोबरची खूण, चुकलं तर फुली. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही. आकाशाबद्दल वाटलेलं तर त्यात आहेच, शिवाय ‘आज दूध नासणार’ आहे, ‘विनायक छत्री विसरून येणार’ आहे. विनायक म्हणजे माझे सासरे. त्या छत्रीपुढे एकदाही फुली नाही.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या गोष्टीतला खलनायक मीच आहे. मी धीरज. साताऱ्याहून दिल्लीला आलो तो मोठा साहेब व्हायला. करोल बागेत एका खोलीत चौघं राहून तीनदा परीक्षा दिली, तीनदा आपटलो, आणि शेवटी दुसऱ्या एका परीक्षेतून मंत्रालयात चिकटलो. त्या अभ्यासात मी ‘अंतःप्रेरणा म्हणजे काय?’ याचं उत्तर घोकलं होतं. अंतःप्रेरणा म्हणजे तर्काच्या पायऱ्या न चढता थेट मिळणारं ज्ञान. पेपरात हे वाक्य झोकात लिहिलं होतं. लग्नानंतर एकदा सासूबाईंपुढे फेकलं, तर त्या गवार मोडता मोडता म्हणाल्या, “पायऱ्या चढलेल्या असतात हो, धीरजराव. फक्त मोजलेल्या नसतात.” तीन वर्षं कोचिंगला घातली होती मी, आणि ही बाई गवार मोडता मोडता माझं उत्तर दुरुस्त करत होती. मला राग आला, खरं सांगतो.

खरा भडका उडाला तो तीन वर्षांपूर्वी. माझा चुलतभाऊ विश्वास मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणारं छोटं युनिट टाकत होता आणि मला भागीदार हो म्हणत होता. मी सरकारी नोकरी सोडायच्या बेतात होतो. सासूबाई म्हणाल्या, “मला काही ठीक वाटत नाहीये.” झालं! माझी बायको अक्षया आईच्या बाजूने गेली, आणि माझा बेत बारगळला. विश्वासचं युनिट आज जोरात चाललंय, हे मुद्दाम नमूद करतो.

तेव्हा मी चिडून काय केलं असेल? सातही वह्या मागून घेतल्या आणि पंधरा दिवस बसून सगळं एक्सेलमध्ये भरलं. म्हटलं, एकदा आकड्यांतच दाखवून देतो, या वाटण्याची लायकी काय आहे ती! सासूबाईंनी काही न विचारता वह्या दिल्या, वर “फुल्या नीट मोजा” असंही म्हणाल्या.

आकडे आले. माणसांबद्दल वाटलेलं: शहाण्णव नोंदींपैकी बरोबर फक्त एकवीस. आकाशाबद्दल वाटलेलं: चारशे बारा नोंदींपैकी बरोबर तीनशे एकतीस. पाचात चार! आणि एकही नोंद हवामानाच्या नकाशावरून घेतलेली नाही, नुसतं मान वर करून वाटलेलं.

मग मी जे केलं ते केवळ नीच होतं. जेवायच्या टेबलावर मी माणसांचा आकडा थाटात जाहीर केला. “आई, शंभरात बावीस! नाणं उडवलं असतं तरी यापेक्षा बरं जमलं असतं.” सगळे हसले, सासूबाईही हसल्या. “आणि आभाळाचं?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, “त्याचं अजून भरायचंय.” ते ‘अजून भरायचंय’ गेल्या रविवारपर्यंत चालू होतं.

इतकं लागायचं कारण काय, तेही सांगून टाकतो. भरता भरता मला पाचव्या वहीत माझं नाव सापडलं होतं. तेरा वर्षांपूर्वी अक्षयाने मला पहिल्यांदा घरी नेलं, त्या दिवसाची नोंद. ‘धीरज. मुलगा सहज खोटं बोलतो असं वाटतंय. अक्षयाला सुखात ठेवणार नाही.’ त्या दिवशी सासऱ्यांनी विचारलं होतं, परीक्षेचं काय झालं? मी म्हणालो होतो, निकाल यायचाय. निकाल आठवडाभरापूर्वीच लागला होता आणि मी नापास होतो. बाईंना पोह्यांची बशी हातात देता देता कळलं होतं ते! आणि उजवीकडचा रकाना कोरा. फुली नाही, बरोबर नाही. बारा वर्षं मी संसार करतोय आणि या बाईंच्या लेखी माझा निकाल लागायचाय! तेव्हापासून वहीला टोमणे मारायची एकही संधी मी सोडली नाही.

त्याच वहीत पुढे एक नोंद होती, ती भरताना मात्र माझा हात थांबला होता. सासरे इस्पितळात होते तेव्हाची. ‘विनायक बरे होऊन घरी येतील.’ त्याच्यापुढे फुली. सुबक, सरळ रेषांची, नेहमीसारखी फुली. नवरा गेल्यानंतर ही बाई वही उघडून बसली आणि फुली मारली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे वाटलं नव्हतं. ही आशा होती. पुढच्या वेळी ओळखायचं.’ मी लॅपटॉप मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. पण माणूस मोठा कोडगा असतो. आठ दिवसांनी मी पुन्हा टोमणे मारायला लागलो.

आता गेल्या वर्षीचं. आमचं द्वारकेतलं मराठी मंडळ मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी मैदानावर मांडव घालून कार्यक्रम करतं. गेल्या वर्षी सासूबाईंनी दुपारीच सांगितलं, आज वादळ होणार. मंडळाचे अध्यक्ष तात्याराव, रेल्वेतून निवृत्त झालेले, शब्दाला मान देणारे गृहस्थ. त्यांनी तीनशे खुर्च्या उचलून जवळच्या समाजभवनात हलवल्या. तिथे चार पंखे, त्यातले दोन बंद. लोक घामाने निथळले, ढोलकीवाला चक्कर येऊन बसला, आणि बाहेर पानही हललं नाही. तेव्हा कुणीतरी सासूबाईंचं नाव ‘आंधीमावशी’ ठेवलं. कुणीतरी म्हणजे मी. ते नाव इतकं पसरलं की लहान मुलंसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागली. त्यानंतर वर्षभर सासूबाई काही वाटलं तरी तोंडाने बोलल्या नाहीत, नुसतं वहीत लिहायच्या. घर शांत झालं होतं, आणि ती शांतता माझ्यामुळे होती.

आणि मग उजाडला हा रविवार!

यंदा मी मंडळाचा सचिव. अंगात नुसतं वारं भरलं होतं माझ्या. रांगोळीची स्पर्धा होती, एकोणीस बायका सकाळपासून मांडवात जमिनीवर वाकून रंग भरत होत्या. दोन वर्षांपूर्वी लू, म्हणजे इथला उन्हाळ्यातला गरम वारा, सुटली होती आणि अर्ध्या रांगोळ्या उडून गेल्या होत्या, ती आठवण ताजी. म्हणून मी फर्मान काढलं, मांडवाच्या चारही बाजूंच्या कनाती खालपर्यंत बांधून घ्या. मांडव घालणारा श्याम इथलाच, तीस वर्षं हेच काम करतोय. तो म्हणाला, “साहब, एक तरफ तो खुली रखो. हवा को भी रास्ता चाहिए.” मी म्हटलं, “भाई, रंगोली देख रहे हो?” सगळ्या बायका माझ्या बाजूने होत्या. कनाती बांधल्या, कडेने वाळूच्या गोणी ठेवल्या, आणि आत यायला एकच दार ठेवलं. महाराष्ट्रातून आलेल्या माणसांनीच करावी अशी ही चूक. आम्हाला वादळ म्हटलं की आधी ढग, गडगडाट, मातीचा वास आठवतो, आरडाओरडा करून येणारा पाहुणा. दिल्लीची आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, तशी सांगून येत नाही.

पाच वाजता मांडव भरला. अडीचशे माणसं. मंचासमोर लेझीमच्या रांगा लागल्या होत्या, त्रेसष्ट पोरं, आणि पहिल्या रांगेत माझी लेक सृष्टी, दहा वर्षांची, नऊवारी सावरत. प्रमुख पाहुणे म्हणजे मुंबईहून आलेले एक निवृत्त अधिकारी, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या अतिथिगृहात उतरलेले. त्यांची गाडी धौला कुआँपर्यंत, म्हणजे अजून अर्ध्या तासाच्या अंतरावर, पोचल्याचा फोन आला होता. तात्याराव फेटा बांधून, हातात हार घेऊन तयार. दिवसभर पूर्वेचा वारा होता तो पडला आणि सगळे म्हणाले, बरं झालं, वारा पडला, आता रांगोळीला भीती नाही.

मी मंचाच्या पायरीवर माईक तपासत होतो. बघतो तर सासूबाई दारातून आत येतायत. वर्षभर ज्या बाई कार्यक्रमात कोपऱ्यात बसायच्या, त्या सरळ माझ्याकडे येत होत्या. हातात उघडी वही.

“धीरजराव, मुलांना बाहेर काढा.”

“का?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? आई, अडीचशे लोक बसलेत!”

त्यांनी वही पुढे केली. शाई अजून ओली होती. ‘५.१०. आंधी. मोठी. मांडव टिकणार नाही.’

तात्यारावांनी ऐकलं. “विजयाताई, पुन्हा? अहो, बाहेर ऊन पडलंय. बसा, पन्हं घ्या, बरं वाटेल.” पुढच्या रांगेत हशा पिकला. मागून कुणीतरी म्हणालं, “आंधीमावशी आल्या!” मी फोन काढून बघितला. हवामानाच्या पानावर पिवळाधमक सूर्य होता.

सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. मी हळूच विचारलं, “आई, गेल्या वर्षीसारखं नाही ना?”

“नाही. गेल्या वर्षी मी सकाळपासून टीव्हीवर वादळाच्या बातम्या बघत होते. ती भीती होती. तिने मला दहा कारणं दिली होती. आज माझ्याकडे एकही कारण नाही.”

बघा आता गंमत! कुठल्याही शहाण्या माणसाने हे वाक्य ऐकून बाईंना घरी पाठवलं असतं. पण त्या अडीचशे माणसांत एकच माणूस असा होता ज्याला तो आकडा माहीत होता. चारशे बारापैकी तीनशे एकतीस. तीन वर्षं छातीशी दडवून ठेवलेला आकडा. तो एकदम उसळून वर आला. पाचात चार! आणि समोर पहिल्या रांगेत सृष्टी.

पण करायचं काय? ‘वादळ येतंय’ म्हटलं असतं तर निम्मे हसले असते आणि उरलेले त्या एका दाराकडे धावून एकमेकांना तुडवत गेले असते. मी माईक तोंडाशी धरला, आणि माझ्या तोंडून खोटं इतकं सहज बाहेर पडलं की माझं मलाच नवल वाटलं.

“मंडळी! आनंदाची बातमी! प्रमुख पाहुणे शेजारच्या शाळेच्या दाराशी पोचले आहेत! त्यांना लेझीमच्या गजरात, मिरवणुकीने मांडवात आणायचंय! लेझीम पथक, पुढे चला! शाळेच्या व्हरांड्यापर्यंत! ढोल वाजवा!”

ढोल वाजला! पोरांना हेच हवं होतं. त्रेसष्ट लेझमी एकदम खणखणल्या आणि रांगा दाराबाहेर निघाल्या. आणि मला जे ठाऊक होतं तेच झालं. आपलं पोर मिरवणुकीत नाचतंय म्हटल्यावर कुठला बाप खुर्चीवर बसतो? सगळे फोन वर धरून मागोमाग उठले. ना धक्काबुक्की, ना आरडाओरड! मी ओरडत होतो, “मागच्या रांगा पण या! सामुदायिक फोटो आहे!” दुसरं खोटं! “आजी-आजोबांना खास खुर्च्या ठेवल्यात!” तिसरं! अक्षया माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. “धीरज, पाहुणे तर धौला कुआँला आहेत ना?” मी म्हटलं, “चल, बाहेर हो, नंतर सांगतो.” बारा वर्षांचा संसार आहे, तिने पुढे विचारलं नाही. दोन म्हाताऱ्यांना हाताला धरून निघाली.

सासूबाई तोवर श्यामकडे गेल्या होत्या. “भैया, कनातें खोल दो. सब.” श्यामने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, “माताजी, आधे घंटे से मुझे भी कुछ अच्छा नहीं लग रहा था. बोलता तो साहब हँसते.” त्याने आणि त्याच्या माणसांनी खिशातून सुऱ्या काढल्या आणि दोऱ्या सपासप कापायला सुरुवात केली. रांगोळीवाल्या बायका किंचाळल्या. “अहो सचिव, आमच्या रांगोळ्या!” त्या शब्दांसकट मी त्यांना बाहेर ढकललं.

शेवटी मांडवात उरले एकटे तात्याराव, हार घेऊन मंचावर बसलेले. “मी अध्यक्ष आहे. पाहुणे इथेच येतील.” सासूबाई मंचावर चढल्या, त्यांच्या हातातला हार काढून घेतला आणि तो घेऊन चालायला लागल्या. बिचारे हारामागे आले! बाहेर आल्यावर मी पश्चिमेकडे बघितलं. सेक्टरच्या पलीकडचे उंच टॉवर दिसत होते ना, ते नव्हतेच. त्यांच्या जागी जमिनीपासून आभाळापर्यंत तपकिरी भिंत होती, आणि ती चालत येत होती.

“पळा!” हे मात्र खरं ओरडलो.

शाळेच्या व्हरांड्यात पाय टाकला आणि ती आली. आधी मैदानातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आपोआप सरकायला लागल्या, मग उडाल्या. वारा कापलेल्या कनातींतून मांडवात शिरला आणि एकोणीस रांगोळ्या एकदम उठल्या! गुलाबी, पिवळा, हिरवा, निळा, सगळा रंग क्षणभर हवेत उभा राहिला. पोरं ‘होऽऽ’ करून ओरडली. पुढच्या क्षणी सगळं तपकिरी झालं. रस्त्यावरचे दिवे लागले. मांडवाचं छत एकदा टम्म फुगलं, दोनदा फुगलं, आणि तिसऱ्यांदा खांबांसकट उपटलं गेलं. जी एक कनात कापायची राहिली होती ती बाजू उलटून मंचावर आली. लोखंडी खांब मंचासमोर, बरोबर लेझीमच्या रांगा होत्या तिथे, एकावर एक कोसळले.

मी पोरं मोजली. त्रेसष्ट. पुन्हा मोजली. त्रेसष्ट. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तेव्हा सृष्टी म्हणाली, “बाबा, बस करो ना, सगळे आहेत!” मी तिला उचलून घेतलं आणि भर व्हरांड्यात रडलो. लाज वाटली नाही. अजून वाटत नाही.

वीस मिनिटांत सगळं संपलं. टपोरे थेंब पडले, हवा गार झाली, झाडाची एक मोठी फांदी फाटकावर आडवी झाली होती. पाहुण्यांचा फोन आला, पालमपाशी अडकलोय. त्यांच्यासाठीचा हार सासूबाईंच्या हातात तसाच होता. तात्याराव सासूबाईंपुढे गेले, हार घेतला आणि त्यांच्याच गळ्यात घातला. फेटा वाऱ्यात गेला होता, तरी वाकून नमस्कार केला. मग त्या पोरांनी व्हरांड्यातच लेझीम सुरू केली, आणि काय नाचली म्हणून सांगू! ढोलाचा आवाज त्या छताखाली असा घुमत होता की शाळेचा पहारेकरीसुद्धा ताल धरून उभा होता.

सासूबाई पायरीवर बसल्या होत्या, गळ्यात हार आणि मांडीवर वही. मला म्हणाल्या, “धीरजराव, वेळ काय झाली होती हो?” मी म्हटलं, पाच चोवीस. त्यांनी लिहिलं आणि बरोबरची खूण केली. मग मान वर करून बराच वेळ बसल्या आणि एकदम म्हणाल्या, “विमानं!”

“काय?”

“पूर्वेचा वारा असला की विमानं आपल्या डोक्यावरून उतरतात ना? दुपारपासून दर दोन मिनिटांनी येत होती. मी बाहेर बसले होते तेव्हा यायची थांबली. आणि घारी. रोज पाण्याच्या टाकीवर फिरतात, एकही नव्हती. आणि वारा पडला तेव्हा मांडवावरची पताका आधी लोंबली, मग जराशी उलटी हलली.” त्या लहान मुलीसारख्या बोटं मोजत होत्या. “बघा, आत्ता सापडतायत कारणं!”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तेव्हा ती माझ्याजवळ नव्हतीच. डोळ्यांनी, कानांनी आपापलं टिपून ठेवलं होतं. मला नुसतं एवढंच वाटलं, की पोरं बाहेर हवीत.”

मला राहवलं नाही. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि सगळं सांगून टाकलं. “आई, तुमचा आभाळाचा आकडा तीन वर्षांपूर्वीच काढला होता मी. चारशे बारापैकी तीनशे एकतीस. मुद्दाम दडवला. गेल्या वर्षी तुम्हाला नाव ठेवलं तेही मीच. आणि पहिल्यांदा घरी आलो होतो ना, तेव्हा निकाल लागून आठवडा झाला होता.”

मला वाटलं, रागावतील. रागावायलाच हवं होतं. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की हारातली फुलं गळायला लागली. “तीनशे एकतीस? आज धरून तीनशे बत्तीस!” त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. वर्षभर गप्प बसलेली बाई त्या एका आकड्यासाठी किती थांबली होती, ते तेव्हा मला दिसलं.

घरी पोचलो तसं त्यांनी कपाटातून पाचवी वही काढायला लावली. सृष्टी मांडीला मांडी लावून बसली. “आजी, बाबांचं पण लिहिलंय? दाखव ना!” सासूबाईंनी ते पान उघडलं. तेरा वर्षं कोरा असलेला रकाना. ‘मुलगा सहज खोटं बोलतो असं वाटतंय.’ त्यांनी पेन उचललं, आणि त्या ओळीपुढे ठसठशीत बरोबरची खूण केली.

“आई!” अक्षया म्हणाली.

“अगं, माईकवर तीनदा खोटं बोलले ते. तिन्ही वेळा सहज. मी ऐकत होते ना. त्याच्याशिवाय पोरं बाहेर आली असती का?” मग त्यांनी पुढची ओळ वाचली. ‘अक्षयाला सुखात ठेवणार नाही.’ पेन टेकवायच्या आधी त्यांनी लेकीकडे बघितलं. अक्षया माझ्या शर्टावरची धूळ झटकत राहिली. सासूबाईंनी फुली मारली. सरळ रेषांची, सुबक, मोठ्ठी फुली. माझ्या आयुष्यात इतका चांगला निकाल मला कधी लागला नव्हता.

मी लगेच लॅपटॉप उघडला. मधल्या तीन वर्षांचं अजून भरायचंय, पण तूर्त आकाश: चारशे तेरापैकी तीनशे बत्तीस. माणसं: सत्त्याण्णवपैकी साडेएकवीस.